आखाडा आणि खाडा

२५ ऑक्टोबर २०२० ला दसरा होता. करोनाच्या टाळेबंदीत मार्चपासून बंद पडलेल्या जिम आणि व्यायामशाळा त्या दिवसापासून उघडायला महाराष्ट्र सरकारने परवानगी दिली. सात महिन्यांचा खाडा संपला. एरवी नियमाने घाम गाळणारी माणसं वाढलेलं पोट आणि आखडलेले खांदे घेऊन परत आली, पहिल्या आठवड्यात अंग आंबून गेलं म्हणून जिना उतरताना कठड्याला धरू लागली. परवानगीसाठी निवडलेला दिवस मराठी मुलखातल्या व्यायामाच्या रिवाजाला धरून होता. तालमीत दसऱ्याला गदा, जोडी आणि करेल यांची पूजा होते, मातीला नारळ वाढवला जातो. मेहनतीचं नवं वर्ष सुरू करायचा तो जुना मुहूर्त आहे.

लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड हे लातूर तालुक्यातलं मोठं बाजारगाव. किराणा, शेतीमालाची खरेदी-विक्री, शाळा-कॉलेजं, दवाखाने यांच्या सोबतीला अशा गावांत आता जिमच्या पाट्याही लागल्या आहेत. तिथे येणाऱ्यांत दोन तऱ्हा सहज ओळखता येतात. काहींनी आयुष्यात प्रथमच डंबेल उचललेलं असतं. बाकीचे परत आलेले असतात : कुणी लग्नानंतर, कुणी नोकरीतल्या चार-पाच वर्षांनंतर, कुणी आजारपणानंतर, आणि बहुतेक जण वजन उतरवायचं म्हणून. परत आलेल्याच्या मनात बहुधा एक शरम असते. आपण मध्येच सोडलं, आपल्यात चिकाटी नाही, असं त्याला वाटत असतं.

मराठवाड्यातल्या व्यायामाचा इतिहास या शरमेला आधार देत नाही. या भागात मेहनत कधी सलग चाललीच नाही. राज्यकर्त्यांनी, दुष्काळांनी, पेरणीने आणि पोटापाण्याने ती पुन्हा पुन्हा तोडली, आणि तालमीने पुन्हा सुरुवात कशी करायची याची एक रीतच बसवली. विजेत्यांच्या यादीत ही गोष्ट येत नाही. तरी आज मुरुडमध्ये ट्रेडमिलवर धापा टाकणाऱ्या माणसाला गदाधारी पैलवानांच्या फोटोंपेक्षा तीच अधिक उपयोगाची आहे.

जुन्या तालमीची रचना साधी होती. मारुतीचं देऊळ, त्याला लागून किंवा जवळपास एक खोली, वाकूनच आत जावं लागेल असा बुटका दरवाजा, उजेड बेताचा, आणि मधोमध मातीचा आखाडा. लातूर-धाराशिवकडची जमीन बहुतेक काळी. ती ओली झाली की पायाला चिकटते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे कुस्तीला ती चालत नाही. आखाड्यासाठी तांबडी माती निवडून आणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मिसळायचा आणि फावड्याने ती रोज उकरायची. माती उकरणं हाच पहिला व्यायाम. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या, जोडी फिरवणं, दोर चढणं, मग लंगोट कसून लढत. देखरेखीला वस्ताद. तो गावातलाच जुना पैलवान असे आणि बहुधा शेतकरीही.

स्वातंत्र्याआधी मुरुड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होतं. सरहद्द ओलांडली की बार्शी, म्हणजे सोलापूर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश मुलूख. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. लातूरच्या पेठेतला माल या गाडीने बाहेर जाऊ लागला, आणि हा पट्टा सोलापूरशी, पुढे मुंबईशी बांधला गेला. भाषा, सोयरिकी, जत्रा या सगळ्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या होत्या. कायदे मात्र दोन होते.

संस्थानात लोकांनी एकत्र जमण्यावर कडक नजर असे. १९२९ मध्ये निघालेल्या ५३ क्रमांकाच्या गश्तीने, म्हणजे परिपत्रकाने, सभा भरवण्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. आखाडा काढायलाही सरकारची परवानगी लागू लागली. चार तरुण रोज पहाटे एका खोलीत जमून अंग कमावतात, ही गोष्ट सरकारला निव्वळ व्यायामाची वाटत नव्हती. आर्य समाजाने संस्थानाविरुद्ध मांडलेल्या गाऱ्हाण्यांत मंदिरं, हवनकुंडं आणि खासगी शाळा यांच्या बरोबरीने आखाड्यांवरच्या निर्बंधांचाही समावेश होता. डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापूरला आर्य परिषद भरली आणि १९३९ मध्ये देशभरातून सत्याग्रही संस्थानात शिरले. लातूर-उदगीरच्या बाजूला आर्य समाजाचं काम जोरात होतं. उदगीरचे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे बंधू त्याचे पुढारी. श्यामलाल यांचा १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. ऑगस्ट १९३९ मध्ये सत्याग्रह थांबला. व्यायाम करण्याची मोकळीक ही या भागात अशी मागून, भांडून घेतलेली गोष्ट आहे.

पुढची दहा वर्षंही निवांत नव्हती. १९४७-४८ मध्ये निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकारांच्या धाकाने अनेक कुटुंबं गाव सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, त्यामुळे या भागाने तो काळ फार जवळून पाहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. विस्कटलेली घरं आणि पेठा पुन्हा बसवताना गावजीवनातल्या इतर गोष्टींसोबत आखाड्यांनाही नव्याने उभं राहावं लागलं.

राजकारणाचा खाडा दहा-वीस वर्षांतून एकदा येई. शेतीचा खाडा दरवर्षीचा होता. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग कोळपणी, खुरपणी, पुढे काढणी आणि रब्बीची ज्वारी. कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तर पाच-सहा महिने गावाबाहेरच जातात. कुस्तीचा हंगाम या कामांच्या फटींतून वाट काढत गेला. श्रावणात नागपंचमीच्या कुस्त्या, मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा आणि तिथला फड, महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा आणि तिथल्या कुस्त्या, मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि उरूस. रेवड्यांच्या कुस्तीपासून चांदीच्या कड्यापर्यंत इनामं. जत्रेची तारीख ठरलेली असे, म्हणून परतण्याची तारीखही आपोआप ठरे. ‘अमुक जत्रेत उतरायचंय’ म्हटलं की त्याआधी दोन-तीन महिने मातीत पाय ठेवावाच लागे.

परतणाऱ्या गड्याला वस्ताद पहिल्या दिवशी लढतीत घालत नसे. आधी माती उकरायला लावायची, मग थोडे जोर, थोड्या बैठका, अंगाला तेल लावून मालिश. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तरी यायचंच, मात्र काम कमी करायचं. आठवडाभराने संख्या वाढवायची. लढतीसाठी जोड द्यायचा तोही सांभाळून घेणारा. गेल्या वर्षी किती बैठका मारत होतास, हा प्रश्न तालमीत गैरलागू होता. आज किती झेपतात ते वस्ताद डोळ्यांनी पाहत असे.

या रीतीच्या मागे फार जुना विचार आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगितला आहे. तोही थंडीत आणि वसंतात, स्निग्ध आहार घेणाऱ्या बळकट माणसाने. बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती संपली हे ओळखायची खूण सुश्रुतसंहितेत दिली आहे : व्यायाम करताना श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबायची वेळ झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची दखल घेतो. स्थौल्याची कारणं सांगताना चरक गोड आणि स्निग्ध खाण्याचा अतिरेक, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव मोजतो, आणि त्याच यादीत आईवडिलांकडून आलेला बीजस्वभावही घालतो. लठ्ठपणाचा सगळा दोष माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकायचा नाही, ही समज दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत होती. उपाय सांगताना व्यायाम, जागरण आणि चिंतन यांची मात्रा क्रमाक्रमाने वाढवत न्यावी, असं हा अध्याय म्हणतो. परत जिमला जाणाऱ्यासाठी त्यातला क्रम महत्त्वाचा आहे.

स्थूलपणाचा प्रश्न तालमीला परका नव्हता. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, मांसाहारी घरात मटण आणि अंडी. दिवसातून दोन वेळा मेहनत करणाऱ्या शरीराला हे लागतं. पण कुस्ती सुटते तेव्हा भूक त्याच दिवशी सुटत नाही. संसार, शेती, वय, गुडघा यांतलं काही ना काही मेहनत थांबवतं आणि ताटातलं मात्र तेवढंच राहतं. मोडलेल्या कानांचा, एके काळचा पिळदार गडी चाळिशीत जडावलेला दिसतो, तो यामुळे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. तासभर भरभर चालून खर्च होतात त्या साधारण अडीचशे ते तीनशे. म्हणजे व्यायामाने वजन उतरतं ते सावकाश, आणि ताट बदललं तरच. हा हिशेब जुन्या तालमीत आकड्यांत मांडलेला नव्हता, पण मेहनत कमी झाली की खुराक कमी कर, असं सांगणारा वस्ताद तिथे होता. जिथे तो राहिला नाही, तिथे पैलवान जड झाले.

मराठवाड्याच्या मातीने मोठे पैलवान दिले, आणि त्याचाच एक परिणाम म्हणून गावातल्या तालमी रिकाम्या होत गेल्या. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला भरली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. १९६९ मध्ये ही स्पर्धा लातूरला आली. त्या वर्षीचा किताब जिंकला लातूर जिल्ह्याच्याच हरिश्चंद्र बिराजदार यांनी. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला.

बिराजदारांच्या आयुष्याचा उत्तरार्ध इथे अधिक मोलाचा आहे. लढणं संपलं तरी ते मातीपासून दूर गेले नाहीत. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवायला घेतली. लातूरचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात बिराजदारांकडे आला. २०११ मध्ये बिराजदार गेले, तेव्हा राहुल काका पवारांच्या तालमीत तयारी करू लागला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळवलं आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केलं. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचेच शिष्य. त्यानंतर करोनाने ही स्पर्धाच दोन वर्षं बंद ठेवली. ती परत भरली एप्रिल २०२२ मध्ये, साताऱ्याला. राज्यातल्या सर्वांत तयार पैलवानांनाही त्या दोन वर्षांत खाडा पडला, आणि त्यांनाही पुन्हा खालून सुरुवात करावी लागली.

पण या साखळीतला प्रत्येक दुवा पुण्यात जोडला गेला, हेही पाहायला हवं. होतकरू मुलगा कोल्हापूर किंवा पुणे गाठतो, गावच्या तालमीत लहान पोरं आणि थकलेले वस्ताद उरतात. त्यात मॅट आली. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवरची, ती गावात परवडत नाही, आणि मातीतल्या कुस्तीला जत्रेपलीकडे भविष्य दिसत नाही. आपत्तीही चुकल्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीची घरं कोसळली, गावंच्या गावं नव्या जागी वसवावी लागली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. प्यायच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या घरात पहाटे घाम गाळून अंघोळ करण्याचा बेत कुणी आखत नाही. अशा वर्षी व्यायाम सुटतो त्याला आळस म्हणणं अन्याय आहे.

तालीम मागे पडत असताना जिम कुठून आली? महाराष्ट्रात तिची मुळं शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये युजेन सँडो याने शरीरसौष्ठवाची लाट उठवली. त्याची पुस्तकं आणि उपकरणं टपालाने जगभर जात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये ती मागवली आणि सुमारे दहा वर्षं त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले आणि देशोदेशी त्यांचा प्रसार केला. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. १९२५ मध्ये दादरला समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं. १९३२ मध्ये मुंबईत तळवलकरांची व्यायामशाळा सुरू झाली, आणि पुढे याच मराठी कुटुंबाने यंत्रं, आरसे आणि मासिक फी असलेली जिम मध्यमवर्गाच्या सवयीची केली. परदेशी साधनं आणि इथली शिस्त यांचं मिश्रण मराठी माणसाने असं फार आधीच करून पाहिलं होतं.

लहान गावांत हे सगळं उशिरा पोचलं. राज्य सरकारच्या व्यायामशाळा विकास अनुदान योजनेतून इमारती आणि साहित्य मिळालं, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागांवर उघड्या व्यायामशाळांची यंत्रं बसली, आणि त्यासोबत खासगी जिम आल्या. त्यांची गरजही खरी होती, कारण माणसांचं बसणं वाढलं होतं. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरना दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार अधिक होतो, हे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, तेव्हा बैठं काम हा धोका म्हणून जगासमोर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ च्या फेरीत ते प्रमाण २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेलं.

लातूर जिल्ह्यात या बसण्याला एक खास स्थानिक रूप आहे. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने गावोगावची मुलं शहरात आणली. दहावीनंतरची दोन-तीन वर्षं क्लास, अभ्यासिका, खोली आणि डबा यांत जातात. शाळेत कबड्डी-खो-खो खेळणारा मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायच्या तयारीत मैदान सोडतो, आणि नंतर शिक्षण, नोकरी, लग्न अशी कारणं एकापुढे एक येत जातात. तिशीत रक्तदाब किंवा साखरेचा पहिला अहवाल हातात पडतो, तेव्हा त्याला शाळेतलं मैदान आठवतं. या मुलाने व्यायाम सोडला तो घराच्या आणि समाजाच्या संमतीने, कौतुकाने. परत येताना त्याला एकट्याला अपराधी वाटण्याचं कारण नाही.

बायकांच्या बाबतीत तर परतणं हा शब्दच अपुरा पडतो. तालमीचा तो बुटका दरवाजा त्यांच्यासाठी कधी उघडलाच नव्हता. दळण, पाणी, शेतातली खुरपणी यांत शरीर झिजत होतं, पण व्यायाम म्हणून स्वतःसाठी राखलेला वेळ त्यांच्या वाट्याला आला नाही. आता गिरणी, नळ आणि मोटारसायकल आली, काम थोडं हलकं झालं, बाळंतपणानंतर वाढलेलं वजन मात्र तसंच राहू लागलं. जिममध्ये बायकांसाठी वेगळी वेळ राखणं ही त्या अर्थाने आपल्या व्यायामाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. कुस्तीतही हा बदल ताजाच आहे. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांच्या पहिल्या महाराष्ट्र केसरीनंतर त्याला ६२ वर्षं लागली.

खाडा पडलेल्या शरीरात काय उरतं, याचं उत्तर अलीकडे विज्ञानानेही शोधलं आहे. ऑस्लो विद्यापीठात क्रिस्टियन गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की, स्नायू वाढताना त्याच्या तंतूत जी नवी केंद्रकं येतात, ती स्नायू पुन्हा बारीक झाल्यावरही टिकून राहतात. इंग्लंडच्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये माणसांच्या स्नायूंत व्यायामाची जनुकांवर उमटलेली खूण मधल्या खंडानंतरही शिल्लक राहते, असं नोंदवलं. म्हणून पूर्वी मेहनत केलेला माणूस नवख्यापेक्षा लवकर ताकद कमावतो. कुस्तीवाले याला जुनी मेहनत अंगात असणं म्हणतात.

त्याच वेळी धोकाही याच माणसाला जास्त असतो. स्नायूंची ताकद लवकर परतते, पण सांधे आणि कंडरा तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. मन मात्र जुन्या आकड्यांवर अडून बसतं. पूर्वी शंभर किलोचं स्क्वॉट मारणारा पहिल्याच आठवड्यात ऐंशीला हात घालतो आणि कंबर धरून घरी बसतो. अति मेहनतीने स्नायू तुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरली तर मूत्रपिंडावर ताण येतो, लघवी गडद तपकिरी होते, आणि तेव्हा दवाखाना गाठावाच लागतो. वस्ताद परतलेल्या गड्याला पहिले काही दिवस लढू देत नसे, त्यामागे हाच अनुभव होता.

आजच्या जिममध्ये यंत्रं उत्तम आहेत. कमी पडते ती ही नजर. फी भरली जाते ती बहुधा जानेवारीत, उत्साहाच्या भरात. दोन आठवड्यांनी माणूस यायचा थांबला तरी त्याला हाक मारणारं कुणी नसतं. तालमीत गडी दोन दिवस दिसला नाही की जोडीदार घरी जाऊन विचारत असे, कारण त्याच्याशिवाय जोडीदाराची लढतही अडत असे. समोर जत्रेची तारीख होती, बाजूला जोडीदार होता, डोक्यावर वस्ताद होता. या तिन्हींमुळे परतलेला माणूस टिकत असे. वजनकाट्यावरचा आकडा इतकं बळ देऊ शकत नाही. पहिल्या महिन्यात तो अनेकदा हलतच नाही, आणि माणूस निराश होऊन पुन्हा सोडतो. त्या महिन्यात बैठका वाढलेल्या असतात, झोप सुधारलेली असते, जिना चढताना धाप कमी लागते. हे बदल दाखवून द्यायला शेजारी कुणीतरी लागतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी मुरुडच्या शेजारच्या जिल्ह्यात, धाराशिवला भरली. शिवराज राक्षेने अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीरला हरवलं. मराठवाड्यात कुस्तीसाठी अजूनही माणसं लोटतात, आणि त्यांत एके काळी लंगोट लावलेले, आता वजन आणि साखर सांभाळणारे कितीतरी जण असतात. मुरुडमधल्या जिमचालकांनी आणि जुन्या पैलवानांनी एकत्र बसून अशा लोकांसाठी वेगळा महिना आखणं सहज शक्य आहे. पहिल्या दिवशी रक्तदाब, साखर आणि जुनी दुखणी विचारावीत. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरांचा सल्ला घेऊनच उतरवावं. पहिले दोन आठवडे पूर्वी उचलत असलेल्या वजनाच्या निम्म्यावर ठेवावेत आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबवावं. भाकरी, डाळ, ताक, भाजी या घरच्याच ताटात तेल-साखर किती जाते ते एकदा मोजून दाखवावं. प्रत्येकाला एक जोडीदार द्यावा आणि तो दोन दिवस आला नाही तर फोन करण्याचं काम त्या जोडीदाराकडे सोपवावं. चार आठवड्यांनी, दसऱ्याला किंवा गावच्या जत्रेला, सगळ्यांनी मिळून किती जोर, किती बैठका झाल्या ते मोजावं, आणि वजनकाटा त्यानंतर काढावा.